बाराव्या डब्यातले बिबडे

१

हिलालनं बारावा डबा उघडला. आत पिक्चर नव्हतं. बिबडे होते.

ज्वारीचे, उन्हात वाळवलेले, कागदासारखे पातळ बिबडे. एकावर एक नीट रचलेले, वरून केळीच्या पानाचा तुकडा झाकलेला. हिलालनं झाकण लावलं, डोळे चोळले, परत उघडलं. बिबडेच. रिळाचा पत्ता नाही.

साल छप्पन, एप्रिलातला शनिवार, सकाळचे आठ. धुळ्याच्या राजकुंवर टॉकीजमध्ये तीनच्या खेळाला ‘मोटारवाला जावई’ लागायचा होता. जळगावचा मुक्काम आटोपून बारा डब्यांची पेटी आदल्या संध्याकाळी चाळीसगावमार्गे रेल्वेनं आली आणि हिलालच्या केबिनमध्ये उतरली. हिलाल तिथला ऑपरेटर. अठरा वर्षं मशीन चालवलं, पण चालू खेळात पडदा काळा पडला किंवा आवाज गेला असं एकदाही झालं नाही. दुसरी कोणती विद्या त्याला येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती.

‘मोटारवाला जावई’ म्हणजे आपलं जुनं ‘संगीत जप्त जावई’. हे नाटक ज्याला माहीत नाही असा खानदेशी माणूस दाखवा. पन्नास वर्षं कंपन्यांनी ते जत्रेत लावलं, बाजारात लावलं, कापसाच्या जिनिंगच्या आवारात लावलं. सासू खऱ्या जावयाला तोतया समजून धान्याच्या कोठीत कोंडते, तोतयाला पाटावर बसवते, आणि शेवटी खानदेशातला व्याही येऊन दोन वाक्यांत सगळा घोळ सोडवतो. पुण्याच्या लोकांनी ते उचललं. पगडीच्या जागी बुशशर्ट आणला, घोड्याच्या जागी मोटार आणली, पदं काढून क्लबातलं गाणं घातलं आणि जाहिरातीत छापलं, ‘नव्या युगाची नवी कथा’. नवी म्हणे! आजीला झगा घातला म्हणून ती नात होत नाही.

तो घोळ सुटतो बाराव्या रिळात. ते नसेल तर खरा जावई जन्मभर कोठीत.

मालक फुलचंदशेठ धापा टाकत जिना चढून आले. मागून दिग्दर्शक सदानंद खांबेटे, खास उद्घाटनाला पुण्याहून आलेले. गळ्यात रेशमी रुमाल. एप्रिलात. धुळ्यात.

“हिलाल, हे काय?”

“बिबडे, शेठ.”

“ते मला दिसतंय रे! इथं कसे आले?”

“बिबडे म्हणजे?” खांबेट्यांनी विचारलं.

“आमच्याकडचे पापड समजा,” शेठ म्हणाले.

“माझ्या क्लायमॅक्सच्या जागी पापड?”

“तळले तर बरे लागतात,” हिलालच्या तोंडून निघून गेलं, आणि तिथंच त्याचं नशीब फुटलं.

शेठ भडकले. “केबिनची किल्ली एकट्या तुझ्याकडे. तीनच्या खेळाला रीळ मशीनवर चढलं नाही, तर तुला फौजदाराच्या हवाली करतो. लायसन जप्त होईल. मग बस केळी विकत!”

आरडाओरडा ऐकून बेबाबाई वर आली. ती बायकांच्या खिडकीवर तिकिटं द्यायची. चाळिशीची, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं फटकळ. खिडकीच्या भोकातून तिला माणसाचा फक्त हात दिसे, म्हणून धुळ्यातल्या निम्म्या बायका ती नुसत्या हातावरून ओळखायची. तिनं एक बिबडा उचलला, मशीनच्या दिव्यासमोर धरला, वास घेतला, कोपरा मोडून चावला.

“लसूण घातला आहे.” मग उलटून खालच्या बाजूवर बोट फिरवलं. “आणि खालून घामोळं उठल्यासारखं लागतंय.”

“बाई, तुला नाश्ता सुचतोय?” शेठ ओरडले.

“हिलालभाऊला सोडा, शेठ. हे काम बाईचं आहे.”

“कशावरून?”

“आत्ता सांगत नाही,” बेबाबाई म्हणाली. “तुमचा आवाज असा, की ती जिथं असेल तिथं ऐकेल.”

२

फौजदार घाडगे साताऱ्याकडून बदलून येऊन महिना झाला होता. महिन्यात त्यांना इथल्या तीन गोष्टींची भीती बसली होती: ऊन, तिखट शेव आणि बोली. पहिल्या दोन त्यांनी टाळल्या. बोली टाळता येईना, म्हणून आपल्याला ती येते असं ते मानून चालले.

त्यांनी पहिली जबानी दारावरच्या चिंधाची घेतली. चिंधा सकाळी सहापासून दारावर होता.

“तुझ्यासमोरून सकाळी कोणी डबा घेऊन बाहेर गेलं?”

चिंधानं डोकं खाजवलं. “डबा ना? गया ना साहेब. मनी माय लई गयी.”

फौजदारांच्या मिशा ताठ झाल्या. “कोण?”

“मनी माय.”

“हळू बोल!” फौजदारांनी दार लावून घेतलं. “इतक्या सहज सांगतोस? तिला घाबरत नाहीस?”

“घाबरस ना साहेब. बठ्ठा घाबरतस. मना बाप सुद्धा.”

“बापरे! म्हणजे गावावर वचक आहे.”

“पन साहेब, ती त...”

“बस्स! पुढे एक अक्षर नाही. तुझ्या जिवाला धोका आहे.”

शेजारी हवालदार उखर्डू उभा होता. तो इथलाच. त्यानं तोंड उघडलं. “साहेब, मनी माय म्हंजे...”

“उखर्डू, मी तुला विचारलं?”

“नाही साहेब.”

“मग?”

उखर्डूनं तोंड मिटलं. ज्या खात्यात विचारल्याशिवाय खरं बोललं तर बदली आणि विचारल्यावर खोटं बोललं तर बढती, तिथं मिटलेलंच तोंड बरं.

फौजदारांनी वहीत लिहिलं, ‘मुख्य संशयित: मनी माय. स्त्री. सराईत. परिसरात दहशत.’ खाली दोन रेघा ओढल्या आणि टोपी घालून तिला पकडायला बाजारात निघाले.

३

बेबाबाईनं इकडे हिलालला पडद्याजवळ बसवलं.

“सकाळी काय काय केलंस ते क्रमानं सांग.”

“सातला केबिन उघडली. मशीनला तेल घातलं. मग खाली चहाला गेलो.”

“किल्ली लावून?”

हिलालनं मान खाली घातली. “उघडंच होतं आक्का. खाली चिंधा होता ना. परत आल्यावर त्याला विचारलंही, कोणी चढलं का वर? म्हणाला, परकं कोणी नाही.”

“परकं कोणी नाही,” बेबाबाईनं ते शब्द परत म्हटले. मग पडद्यावर बोट फिरवलं. “ह्याला इतकी बारीक भोकं कशाला रे?”

“भोंगा मागं असतो. भोकं नसतील तर आवाज आत कोंडतो.”

“आणि जुना पडदा? तो पिवळा पडलेला?”

“शेठनी दिवाळीत फाडून वाटला. एक तुकडा शेठाणीला, एक चिंधाला, एक मला. माझा छपरावर टाकलाय, पत्रा तापतो तिथं.”

“तुझ्या घरी बिबडे कोण करतं?”

“कोण करणार? एकटा माणूस मी. खाणावळीत जेवतो.”

बेबाबाईनं पदरात बांधलेला बिबडा काढून परत त्याच्या खालच्या बाजूला बोट लावलं, काहीतरी पुटपुटली आणि उठली.

खांबेटे मालकाच्या खोलीत पंख्याखाली सोडा पीत बसले होते. बेबाबाईनं विचारलं, “हे शेवटचं रीळ लपवून कोणाचा फायदा?”

“कोणाचाच नाही. उलट मी संशय सांगतो. तुमच्याकडचा तो म्हातारा नट, लोटन.”

लोटन म्हणजे चिंधाचा बाप. ‘जप्त जावई’त बावीस वर्षं त्यानं सासूचं काम केलं, नऊवारी नेसून. बायकांनी त्याच्याकडून पदर घ्यायला शिकावं असं. कंपनी बुडाली, मिशा आल्या, म्हातारपण आलं. खांबेट्यांनी चित्रपटात त्याला व्याह्याचं काम दिलं, शेवटच्या रिळात.

“त्याचंच काम आणि तोच का चोरील?”

खांबेट्यांनी सोड्याचा घोट घेतला. “चेहरा अगदी मातीतला हो! पण तोंड उघडलं की ‘शे’. खरा जावई कोठीत आहे म्हणायचं, तर म्हणतो ‘कोठीमा शे’. पुण्यात कोणाला कळणार? म्हणून आम्ही त्याचा आवाज काढून टाकला. रेडिओवरच्या एका सभ्य गृहस्थांचा घातला.”

“लोटननानांना हे सांगितलं?”

“कलावंताचं मन कशाला दुखवायचं?”

“म्हणजे तोंड आमचं आणि जीभ तुमची.”

“तसं नका म्हणू. कलेच्या दृष्टीनं पाहिलं तर...”

ह्या लोकांना कलेची दृष्टी असते. कान नसतात.

बेबाबाई दारापर्यंत गेली आणि वळली. “त्यांनी अजून पिक्चर पाहिलंच नाही ना?”

“नाही. आजच पाहणार आहेत.”

“मग त्यांना कसं कळलं?”

खांबेट्यांचा सोडा नाकात गेला.

४

लोटन न्हाव्याच्या खुर्चीत होता. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या तोंडाला फेस होता, तरी बोलणं थांबलेलं नव्हतं.

“नीट कर रे. गालावर कॅमेरा येस. दोन हात एवढा गाल दिसस पडद्यावर.” मग आरशात बेबाबाई दिसली. “ये बेबा! ऐकलं का, नरडाण्याकडून सात गाड्या निघाल्या. मना पुरा गाव. म्हटलं, आवाज ऐका मना. त्या खांबेटेसाहेबानी माले आवाजवर घेतलं.”

बेबाबाईनं नाकावरचा चष्मा सारखा केला. “आवाजावर?”

“मग कसावर? तोंड का देखानं शे मनं?” न्हावी हसला, लोटनही हसला. “बावीस वर्षं भोंगा नव्हता बाई आमच्याकडे. मागच्या रांगेतला माणूस झोपला तर कंपनीचा मालक आमचा पगार नाही, आमचं जेवण कापायचा.”

“नाना, रीळ चोरीला गेलंय. शेवटचं.”

खुर्ची करकरली. लोटन फेसासकट उभा राहिला. त्याचा चेहरा असा पडला, की न्हाव्यानं वस्तरा मागं घेतला. तो चेहरा खोटा नव्हता. बावीस वर्षांत त्यानं हजार खोटे चेहरे केले असतील, पण हा त्यातला नव्हता, आणि बेबाबाईनं त्याला संशयितांतून तिथंच खोडलं.

“कोण? कोण नेलं? मनी सात गाड्या माणसं, बेबा!”

“सापडेल. घरी काय म्हणतात आमच्या सुगंधाबाई?”

“तिचं काय विचारतेस. जळगावला बहिणीकडे गेली होती, परवा आली. तवापासून तोंड मिटून बसली. म्हणते, पिक्चरला जाऊ नका, ऊन लागेल. अगं, टॉकीजच्या आत कसलं ऊन?”

बेबाबाई बाहेर आली तर बाजारात वेगळाच तमाशा. केळीवाला हळहळत होता. “बिचारा फौजदार! एवढा मोठा माणूस, पन माय हरवली.”

“कोणाची माय?”

“त्याची स्वतःची. सकाळपासून दुकानोदुकानी विचारतोय, मनी माय कोठे शे? डोळ्यांत पाणी नाही, पन अवस्था वाईट. मी म्हटलं, स्टेशनवर पाहा साहेब, हरवलेली म्हातारी तिथंच सापडस. मारवाडी गल्लीत एकीनं त्याला ताक पाजलं.”

बेबाबाई चौकीवर गेली. ओट्यावर चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांना घेऊन आलेले लोक फौजदारांभोवती जमले होते.

“साहेब, लाजू नका. ह्यातली तुमची कोणती?”

“कोणतीच नाही!” फौजदार किंचाळले. “मला मनी माय पाहिजे!”

“तेच तर म्हणतोय साहेब. ह्याच आहेत. निवडा.”

त्यातली एक म्हातारी उठली, फौजदारांच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाली, “बारीक व्हई गया रे पोऱ्या.”

५

“साहेब,” बेबाबाईनं विचारलं, “मनी माय हे नाव तुम्हाला कोणी दिलं?”

“गोपनीय आहे. पण तू टॉकीजची आहेस म्हणून सांगतो. दारावरचा चिंधा. डबा तिनंच नेला. डोळ्यांनी पाहिलंय त्यानं.”

बेबाबाईनं उखर्डूकडे पाहिलं. उखर्डू छताकडे पाहत होता आणि त्याचं पोट हलत होतं. साताऱ्यात ‘माझी आई’ म्हणतात. इथं ‘मनी माय’. पोरानं भर कचेरीत सांगितलं होतं की डबा माझी आई घेऊन गेली, आणि कायद्यानं ते वहीत लिहून खाली रेघा ओढल्या होत्या.

फौजदारांना तिनं काही सांगितलं नाही. जो माणूस दोन शब्दांचा अर्थ विचारत नाही, त्याच्या हातात बेडी कशाला द्यायची? ती सरळ चिंधाच्या घरी गेली. बारा वाजले होते.

अंगणात बाजेवर पिवळट कापडाचा मोठा तुकडा ताणून बांधला होता. त्यावर ओले बिबडे पसरलेले. सुगंधाबाई बाजूला बसून कावळे हाकत होती.

“ये आक्का. पानी लई येऊ?”

“नको. मी बिबड्यांचं बोलायला आले.” बेबाबाई शेजारी बसली. “तू कापडावर पीठ थापतेस. वाळलं की कापडाचा ठसा बिबड्याच्या पाठीवर उठतो. धोतराचा ठसा मला ठाऊक आहे, लुगड्याचा ठाऊक आहे. हा बारीक बारीक पुळ्यांचा ठसा फक्त सिनेमाच्या पडद्याचा. जुना पडदा तीन घरी गेला. शेठाणी जैन, तिच्या घरी बिबड्यात लसूण पडणार नाही. हिलालचा तुकडा छपरावर आहे. राहिलं तुझं घर.”

सुगंधाबाई कावळ्याकडेच पाहत होती.

“तुझा पोरगा हिलालला म्हणाला, परकं कोणी चढलं नाही. माय काय परकी असते? आणि फौजदारानं विचारलं, डबा कोणी नेला, तर त्या भोळ्यानं सांगितलं, मनी माय. त्याच्या मनात कालचा जेवणाचा रिकामा डबा. पण फडक्याखाली टोपलीत आणखी काय होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.”

“माले कसाले फसवी ऱ्हायनी? कोन्ही बी बिबडे ठेई शके.”

“नाही ठेवणार. चोर डबा रिकामा सोडतो. हिलालनं चोरलं असतं तर रिकामा सोडला असता, खांबेट्यानं तर झाकणसुद्धा लावलं नसतं. दुसऱ्याचं भांडं घेतलं तर रिकामं परत देऊ नये, हे ज्या बाईच्या अंगात भिनलंय, तीच चोरी करताना सुद्धा बिबडे भरून वर पान झाकील. मी डबा उघडा पाहिला तेव्हाच ओळखलं, की ही चोरटी चांगल्या घरची आहे.”

सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला. थोडा वेळ कावळ्यांनी बिबडे खाल्ले, कोणी हाकललं नाही.

“मी जळगावले गयी व्हती,” ती म्हणाली. “बहीण माले पिक्चरले लई गयी. शेवटले चिंधाना बाप पडदावर उना. बाई, मी बहिणले चिमटा काढा. आनि तोंड उघडं तर आवाज कोना तरी दुसराना! बामननासारखा गोड गोड. मना जीवच गया. गाव येई ऱ्हायनं, सात गाड्या. म्हातारा आठ दिनपासून सांगी ऱ्हायना, मना आवाज ऐका, मना आवाज ऐका. मी काय करू?”

“आणि हिलालची भाकर गेली तर?”

“त्यानाकडे मी देखं नही आक्का. खरंच देखं नही.”

दारात काहीतरी पडलं. लोटन उभा होता, एक गाल गुळगुळीत, एका गालावर वाळलेला फेस. त्यानं सगळं ऐकलं होतं.

तो उंबऱ्यावर बसला. मग बायकोला म्हणाला, “माले का नही सांगं?”

“सांगती तर तुम्ही मरी जातात.”

“आते काय जित्ता शे का?” तो एकदम ओरडला, आणि तो आवाज ऐकून शेजारच्या तीन घरांतली माणसं बाहेर आली. “कोठे शे ते रीळ?”

“कोठीमा. जवारीमा.”

“कोठीमा!” लोटनला हसू आलं की रडू, ते सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, “राहू दे तिथंच. मी चौकीवर जातो. सांगतो, मी चोरलं.”

“नाना, तुम्ही जेलात गेलात तरी किल्ली हिलालचीच होती,” बेबाबाई म्हणाली. “तीन वाजता रीळ मशीनवर नसेल, तर त्याचं लायसन गेलंच. आणि रीळ लागलं, तर तुमच्या तोंडून पुणं बोलणार. दोन्हीतलं एक निवडा. मी तुमच्या जागी नाही, मी सांगू शकत नाही.”

लोटननं उरलेला फेस हातानं पुसला.

“हिलालच्या मशीनला,” त्यानं विचारलं, “आवाज बंद करायची कळ असते का?”

६

तीनला दहा कमी असताना रीळ केबिनमध्ये पोचलं. खाचांत ज्वारीचे दाणे अडकले होते, हिलालनं ते एकेक करून काढले. शेठनी विचारलं कुठं सापडलं, बेबाबाई म्हणाली, “सापडलं. आणखी काय पाहिजे?” फौजदार आपली वही घेऊन मागच्या खुर्चीत येऊन बसले होते. मनी माय आज खेळाला नक्की येणार, अशी त्यांची खात्री होती. ती आलीही होती, बायकांत दुसऱ्या रांगेत, पण ते असो.

सात गाड्यांतली माणसं पुढं बसली. अकरा रिळं लोकांनी शांतपणे पाहिली. मोटार आली, मोटार गेली, क्लबात गाणं झालं. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, “नाटक कधी सुरू व्हई?”

बारावं रीळ लागलं. पडद्यावर वाड्याचं दार उघडलं आणि दोन हात रुंद लोटन आत आला. गावानं टाळी वाजवली. त्यानं तोंड उघडलं, आणि आवाज गेला.

“साउंड!” खांबेटे उभे राहिले. “साउंड! ऑपरेटर!”

फुलचंदशेठ जिन्याकडे धावले. अठरा वर्षांत जे झालं नाही ते आज झालं होतं, आणि आता हिलालला तिथंच उचलून बाहेर फेकायचं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. भोंग्यातून नाही. माणसाच्या छातीतून. भिंतीवरच्या पाली हलल्या असा.

“हाऊ खोटा शे! खरा त कोठीमा शे!”

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “लोटन!” आणि टॉकीज फुटलं.

पण पडद्यावर इतरही माणसं ओठ हलवत होती, आणि त्यांचाही आवाज बंद होता. सासूबाई डोळे मोठे करून काहीतरी म्हणाली. पडद्यामागून बावीस वर्षांची मुरलेली सासू बोलली, नाकात, ठसक्यात: “अगंबाई! म्हणजे मी बासुंदी वाढली ती चोराला?” मग नायक बोलला, तोही लोटन. नायिका लाजली, तोही लोटन. मोटारीचा भोंगा वाजला, तोही. पडद्यावरच्या पुण्याच्या नटीच्या तोंडातून अशी काही शिवी निघाली, की फौजदार पहिल्यांदाच बोली समजून पोट धरून हसले.

“हे बेकायदेशीर आहे!” खांबेटे ओरडत होते. “ही माझी कलाकृती आहे!”

“बस ना भो,” मागून कोणीतरी त्यांचा रेशमी रुमाल धरून खाली ओढला. “दखू दे.”

उठून नाचणाऱ्या लोकांतून वाट काढत फुलचंदशेठ केबिनच्या दारात पोचले तेव्हा हिलाल मशीनला पाठ लावून उभा होता, फाशी जाणाऱ्यासारखा. रीळ संपलं, खाली दिवे लागले, आणि एकच गलका उठला. “वन्स मोअर! वन्स मोअर!”

सिनेमाला वन्स मोअर कोणी ऐकला नव्हता. शेठनी दाराची चौकट धरली, खालचा गलका थोडा वेळ ऐकला, घाम पुसला.

“गुंडाळ परत,” ते हिलालला म्हणाले. “आणि आवाजाच्या कळीला हात लावलास तर बघ. आहे तशीच राहू दे.”

हिलालनं रीळ उलटं फिरवून परत लावलं. पहिल्यापेक्षा दुसरा खेळ रंगला, कारण आता लोकांनाही वाक्यं पाठ झाली होती. खांबेट्यांनी मध्येच टांगा बोलावला. दुसऱ्याला परत वन्स मोअर. बायकांत सुगंधाबाईला शेजारणींनी धरून बसवलं होतं, ती सारखी उभी राहत होती म्हणून.

तिसऱ्या खेपेला लोटनला जोर चढला. पडद्यावर खरा जावई कोठीतून बाहेर आला, नवरानवरी एकमेकांना हार घालू लागली, सनईवाले गाल फुगवू लागले, आणि पडद्यामागून सासू ठणकावून सांगत होती, की आमची पोरगी मोटारवाल्याला द्यायची नाही, मोटार ठेवायची असेल तर ठेवून जा.